फोन उचल, गणित सोडव!

एक छोटासा प्रश्न विचारते. पटकन उत्तर द्यायचं, शेजारच्या क्युबिकलमध्ये डोकवायचं नाही. समजा तुम्ही २९९ रुपयांचं मोबाइल रिचार्ज मारलंत. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. तर या २९९ रुपयांतले टॅक्सचे किती?

कॅल्क्युलेटर चालेल. फोन हातातच असणार, मला माहितीय.

गेल्या आठवड्यात हा प्रश्न मी ओळखीतल्या दहा-बारा जणांना विचारला. त्यात दोन एमबीए होते, एक आयटीतला टीम लीड होता आणि एक जण तर चक्क बँकेत आहे. बहुतेकांनी फोन काढला, २९९ चे १८ टक्के केले आणि ५३ रुपये ८२ पैसे असं उत्तर माझ्या तोंडावर फेकलं. सॉरी बॉस, चुकलं! २९९ मध्ये टॅक्स आधीच आत जाऊन बसलाय. मूळ किंमत १०० असेल तर आपण ११८ मोजतो. म्हणून २९९ ला १.१८ ने भागायचं. मूळ किंमत येते २५३ रुपये ३९ पैसे आणि जीएसटी ४५ रुपये ६१ पैसे.

आता यातली गंमत बघा. हे काही बिझनेस स्कूलचं गणित नाही. आपल्या स्टेट बोर्डाचं दहावीच्या बीजगणिताचं जे पुस्तक २०१८ साली आलं, त्यातल्या 'अर्थनियोजन' या धड्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत, अगदी एसआयपीसुद्धा आहे. आणि दुसरी गंमत म्हणजे फोनने काहीच चूक केलेली नव्हती. त्याला जे विचारलं त्याचं त्याने पैशापर्यंत अचूक उत्तर दिलं. लोचा विचारण्यात होता.

फोन आणि गणित या जोडीबद्दल घराघरांत जी भांडणं चालतात ना, त्या सगळ्यांचं सार मला या ४५ रुपये ६१ पैशांत दिसतं.

होमवर्कला दहापैकी दहा

हा विषय डोक्यात घोळायला लागला तो माझ्या मामेबहिणीमुळे. मॅडम सांगलीला असतात आणि यंदा दहावीला आहेत. मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, मामी घर सांभाळून दुकानातही बसते. वर्गसमीकरण अडलं तर विचारावं असं घरात कोणी नाही. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मामाने आपला जुना स्मार्टफोन तिला दिला, तो तिच्याकडेच राहिला. क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, मैत्रिणी तिथेच भेटतात, आणि गणित अडलं की त्यासाठी एक ॲप आहे. वहीतल्या गणिताचा फोटो काढायचा, की पायऱ्यांसकट उत्तर हजर. सॉल्लिड सोय.

परिणाम काय? होमवर्कला कायम दहापैकी दहा. आणि युनिट टेस्टला वीसपैकी सात.

मामाचा मला फोन आला. तो चिडला की भाचीलाही 'तुम्ही' म्हणायला लागतो. "तुम्ही पत्रकार लोक सगळं वाचता ना? मग सांगा. फोन काढून घेऊ की नको? मी तर ठरवलंय, उद्यापासून साधा बटणाचा फोन."

आता तुम्ही म्हणाल, घे ना काढून, दहावीचं वर्ष आहे. आपल्या सगळ्यांच्या दहावीला घरातली केबल तोडली होतीच की. पण मला ते इतकं सोपं वाटेना. 'असर' हा ग्रामीण भारतातल्या शिक्षणाचा पाहणी अहवाल दरवेळी गाजतो. त्याच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के आणि मुली फक्त १९.८ टक्के. म्हणजे मुलीच्या हातातला फोन हा आधीच दुर्मीळ ऐवज. तो एकदा कपाटात गेला, की 'परीक्षा झाल्यावर बघू', मग 'कॉलेजला गेल्यावर बघू' असं करत तिथेच राहतो, हे तुम्ही-आम्ही आजूबाजूला बघतोच.

पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर मामाचंही काही चुकत नव्हतं. वीसपैकी सात हे काही स्क्रीन टाइमचं लेक्चर नव्हे, तो आकडा आहे. म्हणून त्याला म्हटलं, "मामा, मला आठ दिवस दे. तोवर फोन काढू नकोस." आणि वाचायला बसले.

ॲप असताना राजा, ॲप गेल्यावर?

सगळ्यात आधी जे हाती लागलं ते मामाच्या बाजूचं होतं. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार मुलांवर एक प्रयोग झाला. २०२५ मध्ये तो एका नामांकित अमेरिकी विज्ञान नियतकालिकात छापून आला. गणिताच्या सरावाच्या तासाला काही मुलांना नेहमीच्या चॅटजीपीटीसारखा मदतनीस दिला, जो विचारलं की उत्तर देतो. काहींना त्याचाच मास्तर बनवलेला अवतार दिला, जो थेट उत्तर न देता हिंट देतो. आणि उरलेल्यांना फक्त वही-पुस्तक.

सरावात काय झालं? उत्तर देणारा मदतनीस असलेल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी चांगली. हिंट देणाऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. भन्नाट! मग सगळ्यांची मदत काढून घेतली आणि परीक्षा घेतली. ज्यांना आयती उत्तरं मिळत होती, ती मुलं परीक्षेत वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. हिंटवाल्यांचं नुकसान बहुतेक टळलं. आणि सगळ्यात डेंजर गोष्ट म्हणजे आपण कमी शिकलोय हे मागे पडलेल्या मुलांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, सगळं मस्त चाललंय.

दहापैकी दहा आणि वीसपैकी सात. सांगलीची स्टोरी तुर्कस्तानात घडून गेलेली होती.

दुसरा पुरावा 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा. २०२२ च्या फेरीत ओईसीडी देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांना विचारलं, तर सरासरी ६५ टक्के मुलं म्हणाली की निदान काही गणिताच्या तासांना तरी फोन-टॅबमुळे आमचं लक्ष उडतं. भारत त्या फेरीत नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. फ्रान्सने २०१८ मध्येच १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायची बंदी केली. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून वर्गातून फोन बाहेर काढले.

झालं तर मग, मामा जिंकला? थांबा जरा. त्याच 'पिसा'त अजून एक आकडा आहे. शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासभरापर्यंत डिजिटल साधन वापरणाऱ्या मुलांना, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुण जास्त होते, घरची आर्थिक परिस्थिती हिशेबात धरूनसुद्धा. आता यावरून 'फोनमुळेच गुण वाढले' असं म्हणता येत नाही. पण 'फोन म्हणजे गणिताचा शत्रू' असंही म्हणता येत नाही. मग फरक कुठे पडतो?

चॅटवरचे डॉक्टर

उत्तर शोधायला मी जरा मागे गेले, स्मार्टफोन सगळ्यांच्या खिशात यायच्या आधीच्या काळात. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा 'मिक्सिट' नावाचं चॅटिंग तुफान चालायचं. साध्या फोनवर, अगदी चिल्लर पैशांत मेसेज जायचा. आपल्याकडे कॉलेजची पोरं शंभर एसएमएस फ्रीवाल्या पॅकसाठी जीव टाकायची, साधारण तोच जमाना.

जानेवारी २००७ मध्ये तिथल्या प्रिटोरिया शहरातल्या मेराका इन्स्टिट्यूटमधल्या लॉरी बटगेराइट यांनी ठरवलं की मुलं जिथे आहेत तिथेच गणित न्यायचं. त्यांनी 'डॉ. मॅथ' सुरू केलं. मुलाने मिक्सिटवरून प्रश्न टाकायचा आणि पलीकडे कम्प्युटरवर बसलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चॅट करत करत मदत करायची. त्यातली कितीतरी मुलं इंजिनीअरिंगची होती. रोख असा की उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, विचारणाऱ्याला स्वतःच्या पायांनी पुढे न्यायचं. बघता बघता हजारो मुलं डॉ. मॅथकडे यायला लागली. २०१५ मध्ये मिक्सिटने गाशा गुंडाळला, पण आयडिया बघा! फोन पोराचाच, चॅटिंगची चटक तीच, फक्त पलीकडे एक माणूस बसवला.

तेरा वर्षांनी, शेजारच्याच बोट्स्वाना देशात, ही आयडिया मोजूनमापून तपासली गेली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या. इंटरनेट सगळीकडे नाही, पण घरात कुठला ना कुठला फोन आहे. तिथे साधारण ४,५०० कुटुंबांचे गट केले. एका गटाला दर आठवड्याला एसएमएसवर गणितं पाठवली. दुसऱ्या गटाला तेच एसएमएस, वर आठवड्यातून एकदा शिक्षकाचा १५ ते २० मिनिटांचा कॉल. आई किंवा बाबांनी फोन स्पीकरवर टाकायचा आणि मुलाने पलीकडच्याशी बोलत गणित सोडवायचं.

नुसत्या एसएमएसचा टिकाऊ असा परिणाम दिसला नाही. कॉलवाल्या मुलांचं गणित मात्र मोजता येईल इतकं सुधारलं. मुलाची इयत्ता न बघता त्याला नेमकं काय येतं ते बघून गणितं दिली, तर फायदा आणखी चांगला. आणि एक छान साइड इफेक्ट म्हणजे आपल्या पोराला खरंच काय येतं आणि काय येत नाही, याचा आईबाबांचा अंदाजही सुधारला. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स अशा पाच देशांत १६ हजारांहून जास्त मुलांवर हाच प्रयोग झाला, तिथेही नुसत्या एसएमएसपेक्षा कॉलने बाजी मारली.

यातला आपला कॉलर ताठ करायचा भाग सांगते. मुलाची इयत्ता विसरायची, त्याची पातळी बघायची आणि तिथून सुरुवात करायची, ही पद्धत 'प्रथम' या संस्थेने घडवली. आणि 'प्रथम' सुरू झाली १९९५ मध्ये, मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांसाठी. म्हणजे मुंबईच्या वस्तीतून निघालेली युक्ती बोट्स्वानाच्या फोनवर पोहोचली. मग ती सांगलीला का नाही पोहोचणार?

उणे तीन अधिक दोन

मामाला फोन केला. म्हटलं, "फोन राहू दे तिच्याकडे. पण दर रविवारी सकाळी दहाला मी वीस मिनिटं कॉल करणार. तिने वही समोर ठेवायची, फोन स्पीकरवर, आणि तू शेजारी बसायचं." मामा म्हणाला, "मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, "तेच तर."

मॅडमना एकच अट घातली. ॲप वापरायचं, पण वहीत आधी स्वतः सोडवल्यावर. आणि चुकलेलं गणित खोडायचं नाही, त्याचाच फोटो मला पाठवायचा. "ताई, चुकलेल्याचा?" हो बाई, चुकलेल्याचाच. बरोबर आलेली गणितं बघून मला काय कळणार?

तिसऱ्या रविवारी चोर सापडला. गणित होतं एक्सचा वर्ग वजा एक्स वजा ६ बरोबर शून्य. अवयव पाडायचे म्हणजे अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार उणे ६ आणि बेरीज उणे १. तिने उणे ३ आणि २ ही जोडी लिहून वर काट मारली होती. जोडी तर बरोबर होती!

"ही का खोडलीस गं?"

"बेरीज येत नाही ना ताई."

"उणे तीन अधिक दोन किती?"

"उणे पाच."

घ्या! दहावीच्या वर्गसमीकरणाला दोष देऊन उपयोग नव्हता, गाडी खालच्या इयत्तेतल्या पूर्णांक संख्यांवरच पंक्चर होती. आणि इतके महिने हे कुणाला दिसलंच नाही, कारण ॲप ही चूक गुपचूप दुरुस्त करून पुढे जात होतं. फोटोतून प्रश्न जायचा, उत्तर यायचं. मधे तिचं डोकं कुठे अडखळलं, हे ना ॲपला कळत होतं ना तिला. होमवर्क तपासणाऱ्यांना तर फक्त देखणं उत्तर दिसत होतं.

मी संख्यारेषा वगैरे समजवायला सुरुवात केली. पलीकडे शांतता. तेवढ्यात स्पीकरवरून मामा मधे घुसला. "अगं, गवंड्याच्या खात्यावर तीनशे उधार आहे. आज त्याने दोनशे आणून दिले. आता खातं काय सांगतं?"

"शंभर उधार."

"मग उधार वाढलं का कमी झालं?"

"कमी झालं... म्हणजे उणे एक?"

दुकानातली उधारीची वही मामा पंचवीस वर्षं लिहितोय. ऋण संख्यांत त्याच्याइतका मुरलेला माणूस अख्ख्या गल्लीत नसेल, पण आपण लेकीला गणित शिकवू शकतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून वीस मिनिटांतली दहा तोच खातो. बोट्स्वानाचा साइड इफेक्ट सांगलीत!

मार्कांचं विचाराल तर पुढच्या टेस्टला वीसपैकी बारा आले. बोर्डाची परीक्षा अजून व्हायचीय, त्यामुळे पेढे वगैरे काही नाहीत. फोन रात्री साडेनऊला हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जिंगला जातो आणि सकाळीच परत मिळतो, यावर दोन्ही पार्ट्यांच्या सह्या झाल्यात. त्याबद्दल कुरबुरी अधूनमधून चालूच असतात, पण फोन कपाटात गेलेला नाही.

वहीला न जमणारं

आता फोनचीही थोडी बाजू घेते, कारण काही गोष्टी वहीला बापजन्मी जमत नाहीत.

'जिओजेब्रा' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी मास्टर्सच्या प्रबंधासाठी ते बनवायला घेतलं, २००२ च्या सुमाराची ही गोष्ट. आज ते फोनवर चालतं, आणि ते वापरायचं कसं याचे मराठीतले धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात आहेत. दुसरं आहे 'डेस्मॉस', २०११ साली निघालेलं ग्राफ काढायचं कॅल्क्युलेटर. अमेरिकी कॉलेजांसाठीची सॅट परीक्षा आता डिजिटल झालीय, त्यात तर हे डेस्मॉस परीक्षेच्या स्क्रीनमध्येच दिलेलं असतं.

त्यात काय करायचं? वाय बरोबर एक्सचा वर्ग अधिक के असं टाका. स्क्रीनवर वाटीसारखा वक्र येतो आणि के साठी एक सरकपट्टी मिळते. के ला उणे ४ वर न्या. वाटी आडव्या अक्षाला दोन ठिकाणी छेदते, २ वर आणि उणे २ वर. ही त्या समीकरणाची दोन मुळं. आता बोटाने के सरकवत शून्यावर आणा. दोन्ही बिंदू जवळ येत येत एकमेकांत मिसळतात, वाटी अक्षावर टेकते. अजून पुढे ४ वर न्या. वाटी हवेत! अक्षाला शिवतच नाही, म्हणजे वास्तव मुळं नाहीत. पुस्तकात 'विवेचक' धन, शून्य, ऋण असे तीन नियम आपण घोकले होते ना? ते तिन्ही नियम बोटाच्या एका सरकवणीत डोळ्यांसमोर घडतात. मॅडमनी ही पट्टी चार वेळा पुढे-मागे केली आणि म्हणाल्या, "ताई, हे असं असतं होय!" या वाक्यासाठी फोनचे सगळे गुन्हे माफ.

तसंच त्रिकोणमितीचं. बऱ्याच फोनमध्ये कोन मोजायची सोय असते, नसेल तर फुकट ॲप मिळतं. फोनची कड पाण्याच्या टाकीच्या टोकाकडे रोखायची आणि उन्नत कोन बरोबर ४५ अंश येईपर्यंत मागे मागे जायचं. ४५ अंशांचा टॅन १ असतो. म्हणजे तुम्ही टाकीपासून जितके लांब, तितकीच टाकी तुमच्या डोळ्यांच्या वर उंच. बापलेकीने दुकानातला तीस मीटरचा टेप आणला. अंतर भरलं १४ मीटर, तिचे डोळे जमिनीपासून १.४ मीटरवर, म्हणजे टाकी १५.४ मीटर. आणि कॉलनीतली पोरं बघायला जमली ती वेगळीच.

नीट बघितलंत तर या दोन्ही ठिकाणी फोन उत्तर सांगत नाहीये. तो दाखवतोय, मोजतोय. विचार तिचा तिलाच करावा लागतोय. जीएसटीच्या प्रश्नात आपली जी गंमत झाली, तिचं औषध हेच आहे. कशाला कशाने भागायचं हे ठरवणारं डोकं तयार असेल, तर भागाकार खुशाल फोनला करू दे. बोर्डाच्या पेपरला फोन नसतो. आणि पुढे ऑफिसात फोन असला, तरी प्रश्न काय विचारायचा हे तो सांगत नाही.

वीस मिनिटांचा फंडा

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्याही घरी कोणीतरी आहे. गावाकडची भाची, आत्याचा मुलगा, वॉचमनकाकांची आठवीतली लेक. तिच्या आसपास वर्गसमीकरण येणारं माणूस नसेल. तुम्ही आहात. इंजिनीअर आहात, सीए आहात, एक्सेलचे बादशहा आहात. ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमध्ये बसून रील्स बघताय, त्यातली वीस मिनिटं आठवड्यातून एकदा काढणं एवढं काही अवघड नाही.

करायचं ठरवलंत तर आमच्या रविवारच्या कॉलमधून निघालेले चार फंडे देऊन ठेवते.

एक, वेळ पक्की ठेवा. दर आठवड्याला तीच. एक दिवस दोन तास आणि मग महिनाभर गायब, असं नको.

दोन, धडा विचारू नका, वही मागवा. चुकलेल्या गणिताचा फोटो हा हजार प्रश्नांपेक्षा बोलका असतो. आणि चूक खालच्या इयत्तेतली निघाली तर लाज न वाटू देता तिथे जा. दहावीच्या मुलीने सातवीचं पुस्तक उघडणं हा कमीपणा नाही, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू दे.

तीन, उत्तर सांगू नका. "पुढची पायरी काय?" आणि "असं का केलंस?" हे दोन प्रश्न पुरतात. पलीकडे शांतता पसरली तरी दहा सेकंद गप्प बसा. फोनवर दहा सेकंद फार मोठी वाटतात, पण गणित त्यातच सुटतं.

चार, घरातल्या मोठ्यांना स्पीकरवर घ्या. त्यांना एक्स-वाय नसेल येत, पण भिशी येते, शिलाईचं माप येतं, दुधाचा हिशेब येतो. गणिताचा अर्धा भाग तिथेच आहे.

आणि हो, स्मार्टफोन नसेल तरी अडत नाही. बोट्स्वानातल्या मुलांना साधा बटणाचा फोन पुरला होता. मामा आणणार होता, तोच!

तर मग, या रविवारी ब्रंचला निघायच्या आधी कॉन्टॅक्ट लिस्ट वरपासून खालपर्यंत एकदा सरकवा. एखादं नाव नक्की थांबवेल. कॉल लावा. पलीकडून घाबरत घाबरत 'हॅलो' आलं, की 'किती मार्क पडले?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न विचारायला नातेवाइकांची कमी नाही. तुम्ही एवढंच विचारा, "कुठं अडलंय गं?"